कीटकवाहित परजीवी व पर्यावरण

आपल्या जीवनचक्राचा काही भाग कीटकाच्या शरीरात व उरलेला भाग मनुष्याच्या अथवा अन्य पृष्ठवंशी (पाठीचा कणा असलेल्या) प्राण्याच्या शरीरात घालविणाऱ्या परजीवींना (दुसऱ्या जीवावर उपजीविका करणाऱ्या जीवांना) कीटकवाहित परजीवी म्हणतात. हिवतापाचे प्लाझ्मोडियम, काळ्या आजाराचे लीशमॅनिया व निद्रा रोगाचे ट्रिपॅनोसोमा हे एककोशिक प्रजीव, तसेच हत्तीरोगाचे वुचेरेरिया व ब्रूगिया हे सूत्रकृमी ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत. डास, वालुमाशी, त्सेत्से माशी, काळी माशी व ढेकणांच्या गटातील काही कीटक हे त्यांचे वाहक आहेत.

या परजीवींना दोन अगदी भिन्न परिस्थितींत जगावे लागते. मनुष्याच्या शरीराचे तापमान सु. ३७° से. असून ते जवळजवळ स्थिर असते. कीटक मात्र अनियततापी (परिसराप्रमाणे शरीराचे तापमान बदलणारे) असल्यामुळे त्यांच्या शरीरातील परजीवीला बाहेरची थंडी व उष्णता सोसावी लागते. शिवाय कीटकाचे आयुष्य थोडे असते. ते संपण्यापूर्वी परजीवीची वाढ पूर्ण झाली नाही, तर त्याचा वंश तेथेच खुंटतो. तापमान, आर्द्रता, पर्जन्य, उंची, वनस्पती, घरांची रचना व पाण्याचा साठा या सर्व घटकांचा परजीवीच्या अस्तित्वाशी असलेला संबंध मुख्यतः या एका गोष्टीतून उद्‌भवतो.

बाह्य परिपाककाल : कीटकाने संसर्गित रक्त शोषल्यापासून तो रोगसंक्रमणास समर्थ होईपर्यंतच्या कालावधीस बाह्य परिपाककाल म्हणतात. सिकंदराबाद येथे रॉनल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठरभित्तीत हिवताप परजीवीच्या रंजकयुक्त पुटी दिसल्या व या कालावधीतील एक महत्त्वाची अवस्था प्रथमच उघडकीस आली. त्यापूर्वी १८७७ मध्ये चीनमधील अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन यांनी हत्तीरोगाच्या सूक्ष्मकृमींची वाढ डासाच्या शरीरात होते, हे दाखवून दिले होते.

ॲनॉफेलीस डासाच्या मादीने रक्ताबरोबर हिवताप परजीवीच्या गंतुकजनक (लिंगकोशिका निर्माण करणाऱ्या) कोशिका शोषल्या म्हणजे काही मिनिटांतच त्यांच्यापासून नर व मादी गंतुके तयार होतात. ३७° से. वरून तापमानात एकदम होणारी घट व डासाच्या शरीरातील झँथुरेनिक अम्ल हे या रूपांतराचे संकेत आहेत. गंतुकांच्या मीलनानंतर सु. एका दिवसात चल युग्मज तयार होतो. तो जठरभित्ती भेदून तिच्या बाह्य बाजूस स्थिरावतो व त्याची पुटी बनते. पुटीत हजारो बीजाणुज निर्माण होतात. पुटी फुटल्यावर ते लाला ग्रंथींत जमा होतात व त्यानंतरच डासाचा दंश रोगकारक ठरतो.

तापमान : बाह्य परिपाककाल तापमानाने ठरतो. टी. एस. डेटिनोव्हा यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रानुसार प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम या जातीची वाढ सु. १६° से. खाली होत नाही व त्यावरील तापमानाचे एकूण १११ अंश-दिवस (उंबरठ्यावरील अंश व दिवस यांचा गुणाकार) पूर्ण झाल्यावर ती पुरी होते. प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स या जातीसाठी हे आकडे १४·५° से. व १०५ अंश-दिवस असे आहेत. या हिशेबाने फाल्सिपेरमची वाढ २८° से. ला सु. ९ दिवसांत, २५° से. ला १२ दिवसांत, २०° से. ला २८ दिवसांत, तर १८° से. ला ५५ दिवसांत पूर्ण होते. व्हायव्हॅक्सला २५° से. ला १० व २०° से. ला १९ दिवस पुरतात. समशीतोष्ण प्रदेशांत पूर्वी व्हायव्हॅक्सचा प्रसार फाल्सिपेरमपेक्षा कितीतरी अधिक उत्तरेपर्यंत होता, याचे एक कारण या फरकात आढळते.

तापमान जसजसे वाढेल तसतसा परजीवीचा लाभ वाढतच जातो, असे मात्र नाही. ३०° से. च्या वर चल युग्मज तयार होण्याचे प्रमाण घटते. वाढीच्या पहिल्या एकदोन दिवसांतील अवस्था उष्णतेला विशेष नाजूक असतात. पुटी एकदा स्थिरावली म्हणजे ती तुलनेने अधिक उष्णता सहन करते. जास्त उष्णतेत डासाचे आयुष्यही कमी होते. पूर्वीच्या गणितांत हिवतापाच्या संक्रमणास सु. ३१° से. हे तापमान सर्वांत अनुकूल मानले जाई. परजीवी व डास या दोहोंवर होणारे परिणाम एकत्र विचारात घेऊन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे तापमान सु. २५° से. असल्याचे व २८° से. च्या पुढे संक्रमण झपाट्याने घटत असल्याचे दिसून आले.

दैनिक सरासरी तापमानावरूनही पूर्ण कल्पना येत नाही. दिवस व रात्र यांच्या तापमानांतील चढउतार थंड ठिकाणी परजीवीच्या वाढीस साहाय्यक ठरतात, कारण दुपारचे काही तास उंबरठ्याच्या वर जातात. उष्ण ठिकाणी तेच चढउतार वाढीला बाधक होतात, कारण दुपारची उष्णता सोसण्याच्या मर्यादेपलीकडे जाते. समान सरासरी तापमानाच्या दोन गावांत परजीवीची वाढ भिन्न वेगाने होते, ती यामुळेच.

कीटकाचे आयुर्मान : जॉर्ज मॅकडॉनल्ड यांनी १९५० नंतरच्या दशकात हिवतापाच्या संक्रमणाचे जे गणिती विवेचन केले, त्यात डासांच्या संख्येपेक्षाही त्यांच्या आयुर्मानाला अधिक महत्त्व असल्याचे दाखविले. दररोज शंभरातील ९० डास जिवंत राहतात असे मानल्यास फाल्सिपेरमची वाढ पूर्ण होईपर्यंत २८° से. ला शंभरातील सु. ३८, २५° से. ला २७ व २०° से. ला केवळ ५ डास उरतात. दररोज ८० डासच वाचत असतील, तर २५° से. ला हा आकडा ६ वर येतो आणि २०° से. ला हजारातील दोनच डास रोगसंक्रमणास समर्थ होतात. थंडीत परजीवी मरतो असे नव्हे. त्याची वाढ मंदावते व वाहकच त्याच्या आधी मरतो.

आर्द्रता : डासाच्या शरीरात असेपर्यंत परजीवीला हवेच्या कोरडेपणाची प्रत्यक्ष झळ लागत नाही, ती वाहकामार्फत लागते. सापेक्ष आर्द्रता ६०% च्या खाली गेल्यास ॲनॉफेलीस डासांचे आयुष्य सामान्यतः घटते. उत्तर व मध्य भारतात मे महिन्यातील उष्ण, कोरड्या हवेत तापमान परजीवीच्या उंबरठ्याच्या कितीतरी वर असूनही हिवतापाचे संक्रमण मंदावते व पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर ते वाढते, याचे हे एक प्रमुख कारण आहे. पंजाबमध्ये सी. ए. गिल यांनी १९२० च्या सुमारास पर्जन्य व आर्द्रता यांच्या नोंदींवरून साथीचे पूर्वानुमान करण्याची पद्धत बसविली. हवामानाच्या आधारे साथीच्या रोगाचा अंदाज बांधण्याच्या जगातील आरंभीच्या प्रयत्नांत तिची गणना होते.

हत्तीरोगाच्या बाबतीत आर्द्रता थेट परजीवीच्या जीवावर बेतते. वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय या कृमीची वाढ क्युलेक्स क्विंक्विफॅसिएटस डासात अनुकूल हवेत सु. १० ते १४ दिवसांत पूर्ण होते; पण हिवताप परजीवीप्रमाणे तेथे त्याची संख्या वाढत नाही. शिवाय संसर्गक्षम अळ्या दंशाबरोबर सरळ रक्तात सोडल्या जात नाहीत. डास दंश करीत असताना त्या त्याच्या सोंडेतून त्वचेवर उतरतात व दंशाच्या छिद्रातून आत शिरतात. या अल्पशा प्रवासात हवा कोरडी असल्यास त्या वाळून मरतात. समुद्रकिनारे, नद्यांची खोरी व दमट शहरे येथे हा रोग मूळ धरून राहण्याच्या कारणांपैकी हे एक होय. महाराष्ट्रात पूर्व विदर्भ हा या रोगाचा जुना प्रदेश आहे. [→ हत्तीरोग].

दक्षिण अमेरिकेतील ट्रिपॅनोसोमा क्रूझाय या परजीवीचा काही काळ तर कीटकाबाहेर, उघड्यावरच जातो. कार्लोस शागास यांनी १९०९ मध्ये वर्णन केलेल्या या रोगात परजीवी कीटकाच्या दंशातून नव्हे, तर विष्ठेतून बाहेर पडतो आणि खाजविलेल्या त्वचेतून किंवा डोळ्यातून शरीरात शिरतो. विष्ठा वाळल्यावर तो लवकर मरतो. ओलसर अन्नपदार्थांत मात्र तो काही काळ टिकतो. ब्राझीलमधील सांता कातारीना राज्यात २००५ मध्ये उसाच्या रसातून या रोगाचा उद्रेक झाला होता.

पर्जन्य व पाणी : पाऊस व रोग यांचा संबंध सरळ नाही. वाहकाची अळी कोणत्या प्रकारच्या पाण्यात वाढते, यावर तो अवलंबून असतो. १९०८ मध्ये अतिवृष्टी व पूर यांनंतर पंजाबात हिवतापाची भयंकर साथ आली व तीत तीन लाखांहून अधिक माणसे मृत्यू पावली. एस. आर. क्रिस्टोफर्स यांनी १९११ मध्ये सादर केलेल्या अहवालात या मृत्यूंचा संबंध पावसाशी जोडला, तसाच धान्याच्या महागाईशी व त्यातून आलेल्या उपासमारीशीही जोडला. पाण्याने डास वाढविले. परंतु इतकी माणसे दगावण्यास त्यांची क्षीण झालेली शरीरे तितकीच कारणीभूत होती.

याउलट १९३४–३५ मध्ये श्रीलंकेत (त्या वेळच्या सिलोनमध्ये) साथ आली ती पाऊस न पडल्यामुळे. बेटाच्या नैर्ऋत्येकडील प्रदेशात एरवी भरपूर पाऊस पडतो व वाहत्या नद्यांत ॲनॉफेलीस क्युलिसिफेसीसच्या अळ्या टिकत नाहीत. त्या वर्षी नद्या आटून त्यांच्या पात्रांत स्वच्छ, स्थिर पाण्याची असंख्य डबकी झाली. तेथील लोकांना हिवतापाची सवय नसल्याने त्यांच्यात प्रतिकारक्षमताही नव्हती. साथीत सु. ८०,००० लोक मरण पावले. पंजाब व श्रीलंका या दोन्ही ठिकाणी प्रमुख वाहक हाच डास होता, हे लक्षणीय आहे. श्रीलंका २०१६ मध्ये हिवतापमुक्त म्हणून प्रमाणित झाली.

ॲनॉफेलीस फ्लुव्हिआटिलिस डोंगराळ भागातील संथ झऱ्यांच्या काठी वाढतो; मुसळधार पावसात त्याच्या अळ्या वाहून जातात. ॲनॉफेलीस सन्डाइकसला मचूळ पाणी चालते. ॲनॉफेलीस स्टिफेन्साय हा शहरी डास विहिरी, हौद व टाक्या यांत वाढतो, त्यामुळे तो पावसावर फारसा अवलंबून नसतो. सी. ए. बेंटली यांनी १९११ मधील आपल्या अहवालात मुंबईतील हिवतापाचा संबंध घरोघरच्या विहिरींशी असल्याचे दाखवून दिले. हाच डास २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबूती येथे आढळला. त्या वर्षी तेथे हिवतापाचे केवळ २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ही संख्या ७३,००० च्या वर गेली. कोरड्या प्रदेशातही साठविलेले पाणी परजीवीला आश्रय मिळवून देते, हे यावरून स्पष्ट होते.

ब्रूगिया मलायी या कृमीचे वाहक असलेल्या मॅन्सोनिया डासांच्या अळ्या पिस्टियासारख्या तरंगत्या पाणवनस्पतींच्या मुळांत आपली श्वासनलिका खुपसून हवा घेतात. केरळमधील तळ्यांतून या वनस्पती काढून टाकल्यास वाहक व त्याबरोबर परजीवीही घटतो. नदी-अंधत्वाच्या कृमीचा वाहक असलेल्या काळ्या माशीला याउलट वेगाने वाहणारे, ऑक्सिजनयुक्त पाणी लागते. त्यामुळे पश्चिम आफ्रिकेत नदीकाठच्या सुपीक जमिनी ओस पडल्या होत्या. १९७४ ते २००२ या काळात तेथे आंतरराष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम राबविला गेला. मोसमी वाऱ्यांबरोबर या माश्या शेकडो किमी. दूर जात असल्याने फवारणीचे क्षेत्र पुढे वाढवावे लागले.

सूक्ष्म जलवायुमान : वेधशाळेत मोजलेले तापमान व कीटक ज्या जागी विसावतो तेथील तापमान यांत पुष्कळ अंतर असते. गोठा, गवताचे छप्पर, भिंतीची भेग किंवा माठामागचा ओलावा येथे दुपारी बाहेरच्यापेक्षा गारवा व रात्री ऊब असते. थंड, उंच प्रदेशांत घराबाहेरचे तापमान परजीवीच्या उंबरठ्याखाली असतानाही चुलीच्या उबेने घरातील डासांमध्ये त्याची वाढ चालू राहू शकते.

काळ्या आजाराच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस ही वालुमाशी गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या, ओलसर व सेंद्रिय द्रव्यांनी युक्त मातीत वाढते आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्यांत विसावते. बिहारमध्ये हा रोग दीर्घकाळ टिकून राहिला त्यामागे ही परिस्थिती होती. वाहकाच्या आहाराचाही परजीवीवर परिणाम होतो. वालुमाशीच्या दंशाने रोग संक्रामित होतो हे सिद्ध करण्याचे प्रयत्न अनेक वर्षे निष्फळ ठरले होते. रक्तानंतर माश्यांना मनुका खाऊ घातल्यावर त्यांच्या शरीरात लीशमॅनियाची वाढ जोमाने होते, असे भारतातील संशोधकांना आढळून आले. त्यानंतर १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनी माणसात प्रत्यक्ष दंशाने रोगसंक्रमण घडवून दाखविले. निसर्गात हे शर्करायुक्त अन्न वनस्पतींच्या रसातून मिळते. [→ काळा आजार].

प्रतिकूल ऋतूतील अस्तित्व : वाहकांची संख्या घटते त्या ऋतूत परजीवी मुख्यतः मनुष्याच्या शरीराचाच आश्रय घेतो. व्हायव्हॅक्सच्या काही कोशिका यकृतात सुप्तावस्थेत राहतात व महिन्यांनंतर जागृत होऊन पुन्हा ताप आणतात. समशीतोष्ण प्रदेशातील वाणांत हा काळ आठ-नऊ महिन्यांचाही असतो. शरद ऋतूत शिरलेला परजीवी हिवाळा टाळून पुढील उन्हाळ्यात, डास पुन्हा विपुल होतात त्या वेळी रक्तात अवतरतो. फाल्सिपेरमला अशी सुप्तावस्था नसते. पश्चिम आफ्रिकेतील मालीमधील कोरड्या ऋतूत तो लक्षणरहित माणसांच्या रक्तात अत्यल्प संख्येने टिकून राहतो, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. नेदर्लंड्समध्ये पूर्वी ॲनॉफेलीस ॲट्रोपार्व्हस डास हिवाळ्यात उबदार घरांत व गोठ्यांत राहून मधूनमधून रक्त शोषीत आणि रोगाची साखळी अखंड राही.

हत्तीरोगाच्या कृमींनी वाहकाच्या सवयींशीही जुळवून घेतले आहे. भारताच्या मुख्य भूमीवर डास रात्री चावतात व सूक्ष्मकृमीही रात्रीच त्वचेजवळच्या रक्तात येतात. पॅसिफिक महासागरातील ज्या बेटांवर वाहक दिवसा चावतात, तेथील सूक्ष्मकृमी दिवसाही रक्तात असतात. निकोबार बेटांतही असा वाण आढळला आहे.

जलवायुमानातील बदल : उंचीनुसार दर १,००० मी. ला तापमान सु. ६·५° से. ने घटत असल्यामुळे डोंगराळ प्रदेशात परजीवीची वरची सीमा बरीच स्पष्ट असते. इथिओपिया व कोलंबिया येथील नोंदींच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उष्ण वर्षांत हिवताप अधिक उंचीपर्यंत पोहोचत असल्याचे आढळले. अशा ठिकाणच्या लोकांत प्रतिकारक्षमता नसल्यामुळे तेथे येणारी साथ अधिक घातक ठरते.

उष्णता वाढल्याने सर्वत्र परजीवींचा फायदाच होईल, असे मात्र नाही. झिंबाब्वेमधील झँबीझी नदीच्या खोऱ्यात माना पूल्स येथे १९९० साली संशोधनासाठी बांधलेल्या एका जनावरावर दुपारच्या वेळी ५० हून अधिक त्सेत्से माश्या सापडत. तापमान वाढत गेले तशी ही संख्या घटून २०१७ पर्यंत ०·१ हूनही कमी झाली. सखल प्रदेश परजीवीच्या वाहकाला असह्य होत असताना जवळचे उंच, थंड प्रदेश त्याला अनुकूल होण्याची शक्यता असते. [→ निद्रा रोग].

नियंत्रणातील महत्त्व : अनुकूल हवामान ही परजीवीच्या अस्तित्वाची आवश्यक अट असली, तरी पुरेशी नव्हे. इंग्लंड व नेदर्लंड्स या देशांतील उन्हाळा व्हायव्हॅक्सला अजूनही पुरेसा उष्ण असतो. तरीही दलदलींचा निचरा, सुधारलेली घरे, जनावरांचे वेगळे गोठे व वैद्यकीय उपचार यांमुळे तेथून हिवताप नाहीसा झाला. भारतात १९४७ च्या सुमारास वर्षाला सु. ७·५ कोटी लोकांना हिवताप होई व सु. ८ लाख मृत्यू पावत. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व १९५८ मध्ये त्याचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले. पुढे रोग फार घटला. परंतु दक्षता शिथिल झाल्यावर व डासांत कीटकनाशकाविषयी प्रतिकार निर्माण झाल्यावर १९७६ मध्ये रुग्णांची संख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. या सर्व काळात देशाचे हवामान फारसे बदललेले नव्हते.

भिंतीवर फवारलेल्या कीटकनाशकाचे यश वर सांगितलेल्या गणितातच आहे. सर्व डास मारण्याची आवश्यकता नसते; परजीवीची वाढ पूर्ण होण्याआधी बहुतेक डास मेले तरी पुरते. हिवाळ्यात परिपाककाल आपोआपच लांबलेला असतो व रोगाचा साठा थोड्या माणसांच्या शरीरांत उरलेला असतो. त्यामुळे या काळात लक्षणरहित रुग्ण शोधून उपचार केल्यास पावसाळ्यातील प्रसाराला आळा बसतो. धरण, कालवा, पाण्याची टाकी किंवा नवी वसाहत यांची आखणी करताना तेथील वाहकाची जात, पाण्याचा प्रकार व ऋतुमान यांचा आधीच विचार केला, तर पुढे होणारी प्राणहानी व खर्च टळू शकतो. [→ हिवताप].